झेंडूची चटई

“मॅडम, माह्या पोरीले वाचता येते. तिले झेंडूत काऊन बसवलं?”

जयमाला वर्गाच्या दारात उभी होती. सोयाबीन सोंगायचं सोडून तशीच आली होती, डोक्याला रुमाल, हातात विळा. ही तिची तिसरी खेप. सुवर्णा मॅडमनी खडू टेबलावर आपटला. या बाईला आणखी किती वेळा तेच तेच सांगायचं!

“ताई, जूनमधल्या चाचणीत मनालीला पंचवीसपैकी सहा मिळाले. आणि ती चाचणी मी नाही घेतली. शेजारच्या शाळेचे रंगराव सर येऊन घेऊन गेले. आपल्या पोरांना झुकतं माप नको, म्हणून तशीच पद्धत आहे.”

“घरी तं मले पेपर वाचून दाखवत होती.”

“चित्रं बघून सांगत असेल.”

“चित्रं?” जयमालानं विळा दुसऱ्या हातात घेतला. “आता तं पेपर हाती घेत नाही. म्हणते, मले नाही येत. लेकरू मुकं झालं मॅडम. तिले दुसऱ्या गटात तरी बसवा, पाया पडतो तुमच्या.”

“येऊ लागलं की बसवीन. उगाच वर ढकलून तिचंच नुकसान.”

जयमाला पाय आपटत निघून गेली. मॅडमचं डोकं भणभणलं. अरे, आपण काय पोरीचे वैरी आहोत?

खरं सांगायचं तर सुवर्णा मॅडमसारखी शिक्षिका त्या गावाला दहा वर्षांत मिळाली नव्हती. जूनमध्ये बदली होऊन आली तेव्हा तिसरीच्या सव्वीस पोरांपैकी एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. जुन्या हजेरीत आधी सगळे मुलगे, मग शेपटाला मुली. ते बघूनच तिचं पित्त खवळलं. मुलींनी का म्हणून मागं राहायचं? जुनी हजेरी तिनं कपाटात टाकली आणि मुलं-मुली मिसळून, अकारविल्हे, नव्या नंबरांची नवी यादी केली. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

रंगराव सर आले त्या दिवशी ती नेमकी मेहकरला प्रशिक्षणाला गेली होती. सर टेबलावर नंबरवार गुणांचा कागद ठेवून गेले. तो नंबराप्रमाणे आपल्या नव्या यादीवर उतरवून तिनं तीन गट पाडले. पोरांच्या मनाला लागू नये म्हणून नावंही फुलांची ठेवली. गुलाब, मोगरा, झेंडू. प्रत्येक गटाला वेगळी चटई.

पण पोरं काय दूधखुळी असतात? तिसऱ्या दिवशी नळावर कोणीतरी ओरडलं, “झेंडूवाले मांगं व्हा बे! पह्यले गुलाब पाणी पितीन!” मॅडमनी त्याला रागावलं. पण झेंडूची पोरं तेव्हापासून आपणहूनच मागं राहू लागली.

गट पाडल्यावर पहिल्याच आठवड्यात मनालीनं एक धडा न अडखळता वाचला होता. पाठ केला असणार, असं मॅडमनी ओळखलं. सहा गुणांची पोर अशी कशी वाचेल? तिनं मनालीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि अक्षरपट्ट्या दिल्या. “आधी हे पक्कं कर हं बाळा.” शाळा सुटल्यावर अर्धा तास ती मनालीला घेऊन बसायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली. पोरगी वर बघेना की तोंड उघडेना. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा तर मॅडम भर वर्गात ओरडली, “अगं, मी डोकं फोडून घेऊ का आता?” मनालीनं पट्ट्या गोळा करून मांडीवर ठेवल्या आणि मान खाली घातली. घरी जाताना मॅडमला एसटीत रडू आलं.

गुलाबाच्या चटईवर मात्र आनंद होता. चोवीस गुणांचा शिवम आधी अडखळायचा, पण तो लाजतो हे मॅडमनी ताडलं होतं. “येतं रे तुला, तू गुलाबातला ना?” असं म्हटलं की शिवम छाती काढून पुन्हा सुरू व्हायचा. फेब्रुवारीत तो सगळ्या शाळेपुढं उभा राहून गोष्ट वाचायला लागला.

एप्रिलमध्ये रंगराव सर पुन्हा आले. शिवमनं दोन पानांची गोष्ट एका दमात वाचली. सरांनी चष्मा काढला.

“वाह बे शिवम! मॅडम, तुम्ही तं कमाल केली. जूनमध्ये याले ‘कमळ’ जुळत नव्हतं. सहा गुण देल्ले होते मी याले, तेही कीव येऊन.”

“शिवमला? नाही हो सर,” मॅडम हसली. “शिवमचा नंबर बावीस. चोवीस मिळाले होते त्याला.”

“बावीस नंबरची तं पोरगी हाय.” सरांनी पिशवीतून आपली वही काढली. “तुमच्याच कपाटातली हजेरी घेऊन हाका मारल्या मी. पह्यले पोरं, मंग पोरी. हे पाहा, तेरा नंबर शिवम. आन् बावीस...” त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “मनाली. केंद्रातल्या साऱ्या शाळांत कोणी वाचलं नसन असं वाचलं होतं तिनं. कुठं हाय ते? बोलवा, मले पुन्हा आयकू द्या.”

मॅडमनी आपली नवी यादी ओढली; तिच्यात तेरा नंबरपुढं मनालीचं नाव होतं. नाव ऐकून मनाली स्वतःच शेवटच्या चटईवरून उठली आणि सरांपुढं येऊन उभी राहिली. सरांनी कौतुकानं गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

“मले नाही येत, सर,” ती म्हणाली आणि मुठीतल्या पट्ट्या दाखवल्या. “झेंडूले अक्षरंच असतात.”