वासापुरती स्कॉच

“मग त्या शिपायानं संगीन उपसली आणि सरळ शवपेटीत खुपसली!” सहदेवनं बत्ता हाणला. फडक्यातला बर्फ फुटला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नलिनीच्या कडेवरची तान्ही लेक दचकली. नलिनीनं तिचं डोकं खांद्यावर दाबून धरलं.

“आईशप्पथ!” शेजारचा गुणाजी म्हणाला. “आत मढं?”

“मढं कसलं! स्कॉचचं पिंप. तिकडं स्कॉचच्या मुलखात दारूवर जबर कर होता. लोक डोंगरात चोरून गाळायचे आणि मयताच्या पेटीतून गावापार करायचे. पुढं बायका ऊर बडवत. आता संगीन काढली, तर पेटीतनं टपटप सुरू. शिपाई वाकून बघतो, तोच दारू गाळणाऱ्याची बायको किंचाळली, ‘मेल्यांनो, माझ्या धन्याला दुसऱ्यांदा मारलंत!’ शिपायांनी टोप्या काढल्या नि वाट दिली.”

गुणाजीनं मांडीवर थाप मारली. “बाई असावी तर अशी!”

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत रविवारची दुपार रंगली होती. बाटली कुवेतहून आलेल्या मावसभावानं दिलेली. अर्धी गेल्या महिन्यात संपली होती. त्या दिवशी सहदेवनं नलिनीचा हात इतका पिरगळला होता, की हाड वाजलं. शेजाऱ्यांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. प्लास्टर आत्ता कुठं निघालं होतं.

“तो नाय मारत गो,” सासू, सुगंधाबाई, हळद लावताना दर वेळी म्हणायची. “दारू मारता.”

नलिनी बी.ए. झालेली. तरी त्या एका वाक्याला ती घट्ट धरून होती. प्यायल्याशिवाय सहदेवनं कधी हात उगारला नव्हता, हे खरंच होतं. आणि दारूच मारत असेल, तर दारू ओतून देता येते.

सकाळी तो मटण आणायला गेला, तेव्हा तिनं बाटलीतली दारू मोरीत ओतली. वासापुरती झाकणभर ठेवली. साखर जाळून पाणी घातलं, मिरीचा काढा मिसळला, मलमलीतून गाळून बाटली आधी होती तेवढी भरली. आजचा दिवस मार न खाता गेला, तर हा उद्योग जन्मभर करायची तिची तयारी होती. मग पोरीला बापाचं घर राहिलं असतं. दिवस तसा गेला नाही, तर काय, ते तिनं मनाला विचारलंच नव्हतं.

पहिला घोट घेतल्यावर सहदेवच्या कपाळाला आठी पडली होती.

“काय रे?” गुणाजीनं विचारलं.

“मऊ लागतेय.” सहदेवनं घोट तोंडात घोळवला. मग मान ताठ झाली. “खरी स्कॉच घसा जाळत नाही, गुणाजी. जाळते ती आपली देशी. आणि फोडलेली बाटली महिनाभर मुरली ना, की लोणी होते, लोणी!”

गुणाजीनं जन्मात स्कॉच चाखली नव्हती. त्यानं डोळे मिटले. “लोणीच रे!”

तिसऱ्या ग्लासाला तर गुणाजीची जीभ जड झाली. सहदेवनंही आवाज चढवला, डोळे तारवटले. नलिनीला हसू आवरेना. साखरेच्या पाण्यावर दोन बाप्ये झुलत होते! कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गुणाजी चपला शोधत उठला. “सहदेवा, पण तुझ्या शिपायांची त्या बाईनं वाट लावली हां! वहिनी, तुम्ही ऐकलंत ना?”

आणि नलिनी खळखळून हसली.

गुणाजी गेला. सहदेवनं दाराला कडी घातली. टीव्हीचा आवाज वाढवला. मनगटावरचं घड्याळ काढलं, पट्टा सरळ करून फळीवर ठेवलं.

“आई, पोरीला घे,” तो म्हणाला.

त्यानं हे नेहमीच असं केलं होतं. नलिनीनं ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

“परक्या पुरुषासमोर दात काढतेस?”

पहिला ठोसा कानावर बसला. दुसऱ्यानं ती लोखंडी कपाटावर आदळली. केस धरून त्यानं तिला उठवलं आणि पुन्हा आदळलं. मग लाथा. चेहरा वाचवून, पोटात, बरगडीत, जिथं पदर पुरतो तिथं. त्याचा पाय एकदाही चुकला नाही.

मग त्यानं घड्याळ बांधलं, भांग पाडला आणि पान खायला खाली गेला. जिन्यावरून त्याची पावलं सरळ, एकसारखी वाजत गेली.

सुगंधाबाई बाळाला कडेवर घेऊन आली. उरलेला बर्फ फडक्यात बांधून तिनं सुनेच्या कानाला लावला. “तो नाय मारत गो...”

“आई, बाटलीत दारू नव्हती.” नलिनीच्या ओठातून रक्त येत होतं. “सकाळी मीच ओतून दिली. साखरेचं पाणी प्यायलाय तो.”

सासूचा हात थांबला. चकित मात्र ती झाली नाही.

“तुज्या सासऱ्याच्या बाटलीत मी काळो चाय भरललंय,” ती हळूच म्हणाली. “ह्यो पोटात होतो तेव्हा. तरी मारल्यान.”

नलिनीनं कानावरचं फडकं बाजूला केलं. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं दारूचं नाव का घेत आलात?”

“दारू मारता म्हटला, की घरात रवाक येता गो. नवरो मारता म्हटला, की जावचा लागता.”

सुगंधाबाईनं बाळ तिच्या हातात दिलं. मग वाकून नलिनीच्या चपला उचलल्या आणि दाराकडे तोंड करून ठेवल्या.