मनगट

"बोटं नकोत, मनगट धरा," ओढ्यात उतरताना गाईड म्हणाला. "दोघांनीही एकमेकांचं. एकाचा हात सुटला, तरी दुसऱ्याची पकड राहते."

"लग्नाआधीच बेड्या?" निषाद हसला. रांगेत शेवटी असलेल्या ऋजुताने लाजत त्याचं मनगट धरलं.

ऐन धारेत, धबधब्याच्या कड्याजवळ, तिचा पाय शेवाळावरून घसरला. त्याच क्षणी निषादच्या खिशातला मोबाईल निसटला. तिच्या मनगटावरची त्याची बोटं उघडली आणि मोबाईलकडे झेपावली. तिने पकड सोडली नाही, तेव्हा त्याने हात झटकला. पुन्हा झटकला.

गाईडने निषादला काठावर ओढलं. त्याच्यामागोमाग तीही आली. तिची मूठ त्याच्या मनगटावर तशीच आवळलेली होती.

"नवा मोबाईल होता गं!" निषाद हळहळला. मग तिच्या मुठीकडे बघून म्हणाला, "आता तरी सोड की."

तिने सोडलं.