साहेबांची पट्टी

परदेशातून आलेले निरीक्षक साहेब सकाळपासून शाळेतल्या मतदान केंद्रात पहिलीच्या बुटक्या बाकावर वही-पट्टी घेऊन बसले होते. दिसेल ते टिपायचं, मध्ये पडायचं नाही, हा आपला नियम त्यांनी दुभाषी बाईंकरवी सगळ्यांना आधीच सांगून ठेवला होता.

दुपारी एक आजी काठी टेकत आल्या, तर त्यांच्या नावापुढे आधीच कुणाचा तरी अंगठा उमटलेला. "अहो, मी आत्ता तर घरातून निघालेय," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या. साहेबांनी पट्टीने रेघ आखली आणि वेळ लिहून घेतली.

मग पुढाऱ्याचा मेहुणा पिशवी घेऊन आला आणि शिक्के मारलेल्या मतपत्रिका सगळ्यांदेखत एकेक करून पेटीत सारू लागला. केंद्राध्यक्ष खिडकीबाहेर बघत राहिले. साहेबांनी त्रेचाळीस मोजल्या. चव्वेचाळिसावी फटीत अडकली, तसा मेहुणा वळून म्हणाला, "साहेब, ती पट्टी द्या ना जरा."

 

साहेबांनी पट्टी छातीशी धरली आणि दिवसभरात पहिल्यांदाच आवाज चढवला, "माफ करा, आम्ही निवडणुकीत ढवळाढवळ करत नाही."