दुसरा वजीर

सहदेवने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून कोपऱ्याजवळ ठेवला. नौपाड्यातल्या त्या क्लबात एकदम हशा पिकला.

"अरे, हा काय देवळाचा ओटा आहे?" पंच त्र्यंबकराव म्हणाले. "राजाची उडी देशी डावात. त्रेपन्न सालापासून इथे विलायती नियम आहेत. आता राजाला हात लावलास ना, मग राजाच हलव. एक घर!"

झालं! कोपरीच्या ओट्यावर वीस वर्षं राजाला डावात एकदा उडी मिळत आलेली; हात सवयीने गेला. सहदेवने राजा एक घर सरकवला आणि समोरच्या हरिहरपंतांनी त्याचा हत्ती फुकटात उचलला.

हा शेवटचा डाव. जिंकेल तो मुंबईच्या सामन्यांना जाणार. बरोबरी झाली तर हरिहरपंत, कारण ते अर्ध्या गुणाने पुढे. आणि सहदेवला जायचंच होतं. मिठागरावर मीठ ओढणारा हा गडी एकदा बोलून गेला होता, "मी ग्रँडमास्टर होनार." तेव्हापासून क्लबाला फुकटची करमणूक मिळाली होती.

"दमलास रे. बरोबरी घे आणि घरी जा," हरिहरपंत म्हणाले. तसा माणूस वाईट नव्हता.

"घरी जाईनच की. खेला तुमी."

भलताच चिवट! तासाभरात त्याने घोड्याचा बळी देऊन वाट मोकळी केली आणि कडेचं प्यादं पार शेवटच्या घरात नेऊन बसवलं.

"वजीर द्या."

"तुझा वजीर पटावर जिवंत आहे की!" त्र्यंबकराव उसळले. "एका राजाला दोन वजीर? कुणी ऐकलंय का?"

"नियमांच्या ज्या पुस्तकानं माजी उडी आडवली, तेच उघडा."

पुस्तक उघडलं. त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. "हवं ते मोहरं घ्यावं, असं लिहिलंय खरं. पण दुसरा वजीर आणू कुठून? बाकीचे पट कपाटात, आणि किल्ली घेऊन सेक्रेटरी गेलेत जेवायला."

सहदेवने सदऱ्याच्या खिशात हात घातला. कामावरून थेट आलेला, खिशात मिठाचे खडे असायचेच. प्यादं उचलून त्याने त्या घरात आवळ्याएवढा एक खडा ठेवला.

"पटावर मीठ टाकतोस? लाज नाही वाटत?" त्र्यंबकरावांनी तो झटकायला हात पुढे केला.

हरिहरपंतांनी त्यांचं मनगट धरलं. पट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा निरखला.

"राहू द्या, त्र्यंबकराव. वजीर आहे तो."

"हाय ना?" सहदेव म्हणाला. "मंग राजा हलवा. शह हाय."