घरभेट

"तू आता एक अक्षर बोलायचं नाहीस," राजेश्वरी मॅडम दिशावर खेकसल्या. "फक्त घर दाखव."

रुतिकाची मैत्रीण दिशा सारसोळे गावातल्या गल्लीच्या तोंडाशीच अडून उभी होती. "मॅडम, खरंच बरं नाहीये रुतिकाला. येईल ती. घरी नको ना जाऊया, प्लीज."

"क्रांतीच्या मैत्रिणीसुद्धा गेल्या वर्षी हेच सांगत होत्या. बरं नाही, येईल, येईल. मग एके दिवशी तिच्या लग्नाचे फोटोच आले मोबाईलवर."

मागून येणारे अभिराम सर हळूच म्हणाले, "दोन दिवस थांबून बघूया का, मॅडम?"

"थांबून थांबूनच वर्ग रिकामे झालेत, सर."

सकाळच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी पंख्याखाली बसून सांगितलं होतं, थोडीफार गळती असतेच, सगळ्याच कॉलेजांत असते. तेव्हापासून मॅडमचं डोकं तापलेलं होतं. "नळ गळतो, सर. पोरी गळत नाहीत. त्यांना काढून घेतात आणि आपण बघत बसतो," असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. गळती थांबवायची समिती कागदावर मोठी होती. घरोघर जायला निघाले ते हे दोघेच.

आणि रुतिका काही साधी विद्यार्थिनी नव्हती. पहिल्या बाकावर बसायची. अकाउंट्समध्ये वर्गात पहिली यायची. तिची पुस्तकंसुद्धा स्टाफरूमच्या कपाटात असायची, रोज सकाळी काढायची आणि जाताना परत ठेवायची. "घरी नाही का गं वाचत?" मॅडमनी एकदा विचारलं होतं. "इथंच बरं वाटतं, मॅडम," म्हणून ती हसली होती. या उत्तराचं मॅडमना इतकं कौतुक, की ते त्यांनी चार जणांना सांगितलं होतं. गेटबाहेर पडायच्या आधी ती गळ्यातलं ओळखपत्र काढून कापडी पिशवीत टाकायची. पिशवीतून शिंप्याची टेप लोंबत असायची. पोरीला शिवणाचीही आवड आहे, असं मॅडमना वाटायचं.

तीच पोरगी आठवडाभर गायब होती. घरचा म्हणून दिलेला नंबर लागत नव्हता.

दिशाने शेवटी बोट दाखवलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

ओट्यावर रुतिकाचे वडील बाळाराम जाळं सांधत बसले होते. बाजूला आई, शांती, कोळंबी सोलत होती. मॅडमनी चपलाही काढल्या नाहीत.

"आठवडा झाला, पोरीला घरात बसवून ठेवलंय तुम्ही! लाज नाही वाटत? एवढी हुशार मुलगी. लग्नाची घाई झाली असेल ना? मी सांगून ठेवते, तिचं शिक्षण मी बंद पडू देणार नाही!"

समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

बाळाराम गोंधळून उठले. "बसा बाय, बसा. ताप हाय तिला, म्हनून नाय आली. कुनाला बसवून नाय ठेवली आमी. तुमी क्लासच्या मॅडम काय?"

"कॉलेजची मी. तुमच्या मुलीच्या कॉलेजची!"

"कालेज?" शांतीचा हात कोळंबीत तसाच राहिला. "कालेज तं बारावीलाच बंद केलाय आमी. ती शिवनक्लासला जाते. नेरूळ टेसनजवल."

अभिराम सर खाली बघत होते. गल्लीच्या तोंडाशी दिशाने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

बाळाराम आत गेले आणि खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन आले. ती त्यांनी ओट्यावर उलटी केली. टेप पडली. कात्री पडली. निळ्या कापडाचा एक तुकडा पडला, कापलेला, पण टाकाही न घातलेला. सगळ्यात शेवटी ओळखपत्र पडलं. त्यावर रुतिकाचा फोटो होता.

"म्हनून माजा ब्लाऊज होत नवता," शांती स्वतःशीच म्हणाली.

समोरच्या दोघींपैकी एक हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे व्याह्यांच्या घरी पोचणार, हे बाळारामांना कळलं. त्यांचा चेहरा काळवंडला.

"व्याह्यांना शबूद दिलाय मी, बाय. त्यांना जास्ती शिकलेली पोर नको व्हती. बारावीवर थांबवली, असा चार मान्सांत बोललोय." त्यांनी ओळखपत्र उचललं आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरलं. "ह्या घेऊन जा. आता ती नाय येनार."

"अहो, ऐका तरी. ती वर्गात पहिली आहे. परीक्षा तोंडावर आलीय. मी बोलते तिच्या सासरच्यांशी..."

"तुमी खूप बोललाव," बाळाराम म्हणाले.

दारात रुतिका येऊन उभी होती. अंगावर चादर, ओठ सुकलेले. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. शेजाऱ्यांकडे पाहिलं नाही. ती सरळ मॅडमकडे बघत होती, आणि त्या नजरेतला राग मॅडमना ओळखू आला. सकाळपासून तोच घेऊन त्या फिरत होत्या.

"दिशा सांगत होती ना तुम्हाला, मॅडम," ती म्हणाली. "नुसता ताप होता. सोमवारी येणारच होते मी."