परवाची रांग

आज

ताकेयोनं फळ उचललं, देठाची बाजू नाकाशी नेली आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "शिओरी, आजपासून इथं तू बस."

इथं म्हणजे चपट्या उशीवर. उशीसमोर, गोदामाच्या जमिनीवर जुन्या रजया अंथरलेल्या, आणि त्यांवर पहाटे तोडलेली पांढरी पीच तीन रांगांत. आज खायची. उद्या खायची. परवा खायची. पांढरं पीच दाबून बघता येत नाही. दाबलं की दुपारपर्यंत तिथं तपकिरी बोट उमटतं. म्हणून ओकायामाच्या या टेकडीवरच्या घरात फळ नाकानं निवडतात.

चाळीस वर्षं ते नाक ताकेयोचं.

काल गिऱ्हाइकांचे दोन फोन आले होते. दोन्ही शिओरीनंच घेतले. कुराशिकीच्या, चहाचे वर्ग घेणाऱ्या बाईंनी आधी उन्हाळ्याची चौकशी केली, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या की यंदाची फळं भारी ताठ मानेची निघाली हो, पाहुण्यांसमोर सुरीला दाद देईनात. असू दे, खाऊ सावकाश. दुसरा फोनही असाच गोड. दोन्ही पेट्यांवर ताकेयोच्या अक्षरात चिठ्ठी होती: आज.

शिओरीनं निरोप सांगितला तेव्हा ताकेयो नुसतं "हं" म्हणाली होती. रात्रीचा भात तिनं अर्धाच खाल्ला.

आणि आता तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि कुंचल्याचं पेन शिओरीच्या मांडीवर ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागली.

उद्या

अत्तराची बाटली अंगठ्याएवढी होती. मंगळवारी घेतलेली.

या घरात येऊन शिओरीला सहा वर्षं झाली होती. पीच म्हणजे मानेवर खाजणारी लव, फळांवरून काढलेल्या कागदी पिशव्यांचे ढीग, वाकलेली पाठ. बाटलीतल्या पीचला लव नव्हती. ते नासत नव्हतं. लावलं की आधी नुसता रस, कोपरापर्यंत ओघळणारा. तासाभरानं साल, उन्हात तापलेली. दुपारी जेवण झाल्यावर, कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं असं काहीतरी कडवट, बीच्या आतलं. त्या कडवटासाठी ती सकाळपासून थांबायची.

वास दुसऱ्याच्या नाकावर लादायचा नाही, हे तिला आईनं शिकवलेलं. म्हणून घोट्यांना लावायची, मोज्यांच्या आत. बसमध्ये, बँकेत कुणाला पत्ता लागत नसे.

सासूशेजारच्या रोजच्या जागी बसलेल्या शिओरीनं खाली पाहिलं. दुमडलेले पाय, घोटे, आणि घोट्यांपासून वीतभर अंतरावर आजची रांग. ताकेयो प्रत्येक फळासाठी तिथंच वाकत होती. मंगळवारपासून.

मांडीवर पेन होतं. नवरा गेल्या वर्षीपासून म्हणत होता की आईला आता बसू दे, ते काम तू घे. शिओरीला ते हवंही होतं. त्यासाठी आता फक्त गप्प राहायचं होतं.

ताकेयो अर्धी उठली होती.

"आई, तुमचं नाक ठीक आहे."

"समजूत काढू नकोस."

सासूपुढे पाय करणं शक्यच नव्हतं. शिओरीनं पाठ फिरवली, मोजा काढला आणि दोन्ही हातांनी, भेटवस्तू द्यावी तसा, पुढे धरला.

ताकेयो बघत राहिली. "सहा वर्षांत हेच शिकलीस? सासूला मोजा?"

"वास घ्या ना."

तिनं घेतला. फळाचा घ्यायची तसाच, डोळे मिटून, तोंड जरा उघडं ठेवून. मग तिनं बाटली मागितली.

फेकणार, असं शिओरीला वाटलं. ताकेयोनं एका कोऱ्या चिठ्ठीवर एकच थेंब टाकला, दारापर्यंत गेली, उंबऱ्यात बसून चिठ्ठी हुंगली. गार सातूचा चहा प्यायली. पुन्हा हुंगली. चुकीच्या पेट्या किती गेल्या, काय गेल्या, काही विचारलं नाही.

"तोडायची घाई केलीय," ती म्हणाली. "वरवर गोड आहे. देठ हिरवा."

शिओरीनं मान खाली घातली.

ताकेयोनं चहा संपवला. चिठ्ठी तिसऱ्यांदा नाकाशी नेली आणि या वेळी लवकर खाली घेतली नाही.

"बी मात्र खरी आहे."

परवा

शिओरीनं अंगणातल्या नळावर पाय धुतले. साबणानं, दोनदा. दुसरा मोजाही काढून बादलीत टाकला. गोदामाच्या दोन्ही खिडक्या उघड्या दिसत होत्या.

ती आत आली तेव्हा ताकेयो उशीवर होती. चिठ्ठ्या आणि पेन तिच्याजवळ. तिनं ते सकाळचं फळ उचललं, एकदाच नाकाशी नेलं आणि हात लांब करून तिसऱ्या रांगेत ठेवलं. आजच्या रांगेतली आणखी सात तिकडे गेली.

मान वर न करता तिनं शिओरीला विचारलं की रविवारी तोडणी बंद ना, नक्की? शिओरी म्हणाली, नक्की. परवा बाजारच बंद.

मग शिओरी फळांना चढवायच्या जाळ्या घेऊन परवाच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसली, तेव्हा तिला बाटली दिसली. दोन फळांच्या मध्ये उभी, झाकण घट्ट लावलेली, कुठं ठेच लागू नये म्हणून फळांसारखीच पांढरी जाळी चढवलेली. समोर चिठ्ठी. शाई अजून ओली होती.