अकरावी कथा

“कथा बारावी,” सुकन्याने वाचायला सुरुवात केली.

“थांब,” तिचे सासरे श्रीमंतराव म्हणाले. “दहावी काल झाली. आज अकरावी.”

मधुमेहाने त्यांची दृष्टी गेल्यापासून सावेडीच्या फ्लॅटमध्ये ती रोज दुपारी त्यांना भयकथा वाचून दाखवत असे. तीस वर्षे आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतलेल्या श्रीमंतरावांची पद्धत ठरलेली होती. नवा संग्रह आला, की प्रथम अनुक्रमणिका वाचून घेऊन पाठ करायची. मग क्रमाने रोज एक कथा, आणि शेवटी दहापैकी गुण. कथेतील भीतीला मोजकी पाने असत, हे त्यांना फार आवडे. अंगावर काटा आला, की ते खुर्चीचे हात घट्ट धरत. कथा संपली, की लहान मुलासारखे हसून चहा मागत.

“कालच्या हडळीला चारच गुण दिले तुमी,” सुकन्या म्हणाली. “भुतंबी नापास व्हाया लागली तुमच्या हाताखाली. बारावी लई भारी हाय, मामा.”

“अकरावीचे नाव ‘तळ’. तूच वाचले होतेस. विहिरीची आहे ना?”

तिने बोट बारावीच्या पानात तसेच ठेवले.

गेल्या वर्षी घोडेगावच्या मळ्यातील विहिरीत रविराज गेला. तिचा नवरा, त्यांचा एकुलता मुलगा. मोटार चालू करायला गेला आणि पाय घसरला, असे श्रीमंतरावांना सांगण्यात आले होते.

“कथेतला माणूस विहिरीत पडतो, की उडी घेतो?”

“गोष्टच ती, मामा. काय बी लिहित्यात.”

“रविराजचा मोबाईल तू वापरतेस. रिंग ओळखतो मी. पाण्यात पडलेल्या माणसाचा मोबाईल कोरडा कसा राहिला, हे मला वर्षभर जुळवता आलेले नाही.”

“मोटारीच्या पेटीवर ऱ्हायला आसंल.”

“आणि घड्याळ? तेही चालते आहे. कपाट उघडलेस, की ऐकू येते.”

सुकन्याने पुस्तक मिटले. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

“मोबाईल, घड्याळ, पाकीट, चपला,” ती म्हणाली. “समदं काठावर वळीनं मांडलं हुतं. तुमी मांडता तसं.”

श्रीमंतरावांनी मान हलवली. एखादे गणित अखेर सुटावे, तशी.

“आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे?”

“तुमी सोडून समद्यांला.”

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“बारावी वाच,” ते म्हणाले. “भूत आहे ना तिच्यात?”

“हाय.”

“मग वाच.”